‘अधीन राहून’ : एका पत्राची पावणेचार वर्षे

१२ एप्रिल २०२२ रोजी कोल्हापूर उत्तर विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदान करून मी आणि आमच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका शुक्रवार पेठेतून घरी परतत होतो. गल्लीत सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणतात. बोटावरची शाई वाळली का ते पाहत बाई सहज म्हणाल्या, “आमदारांची एक जागा रिकामी झाली, तर सव्वाचार महिन्यांत मतदान घेतलं. महापालिकेच्या एक्क्याऐंशी जागा दीड वर्ष रिकाम्या आहेत, त्यांचं काय?” मी बँकेत चौतीस वर्षे काढली आहेत आणि तारखांकडे लक्ष ठेवण्याची सवय अजून सुटलेली नाही. तरीही या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. हा प्रश्न मला स्वतःला दीड वर्षात एकदाही पडला नव्हता, याची मला अधिक लाज वाटली.

कोल्हापूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० च्या मध्यावर संपली. तेव्हा करोनाची साथ होती आणि निवडणूक पुढे गेली, यात कोणालाच वावगे वाटले नाही. आयुक्त हेच प्रशासक झाले आणि ‘आयुक्त तथा प्रशासक’ हा शब्दप्रयोग आमच्या अंगवळणी पडला. त्यातल्या ‘तथा’ या दोन अक्षरांत काय काय मावले आहे याचा विचार कोणी केला नाही. पूर्वी आयुक्त अंदाजपत्रक मांडत, स्थायी समिती त्यात काटछाट करी, महासभा रात्री उशिरापर्यंत भांडत बसे आणि मग ते मंजूर होई. आता मांडणारे आणि मंजूर करणारे एकच होते. अधिकाऱ्यांविषयी माझी व्यक्तिशः तक्रार नाही. जे भेटले ते सौजन्यानेच वागले. पण कराच्या दरावर किंवा रस्त्याच्या आखणीवर त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार ज्यांना आम्ही मत देऊन दिला होता, ते सभागृहात नव्हते.

आमची पेठ नदीकडेची आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी त्रेचाळीस फुटांवर गेले की धोक्याची पातळी ओलांडली, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. २०१९ च्या महापुरात आमचे नगरसेवक कंबरभर पाण्यात उभे राहून कोणाला कुठल्या शाळेत हलवायचे ते ठरवत होते. जुलै २०२१ च्या पुरात तीच व्यक्ती तशीच उभी होती, परंतु पद गेले असल्याने त्यांच्या शब्दाला यंत्रणेत वजन उरले नव्हते. आम्ही मात्र त्यांना ‘नगरसेवक’च म्हणत राहिलो, आणि रहिवासाच्या दाखल्यासाठी ‘माजी’ हा शब्द बारीक अक्षरात छापलेले त्यांचे लेटरहेड वापरत राहिलो. रिकामी जागा आमच्या लक्षात न येण्याचे हेही एक कारण असावे.

त्या आठवड्यात बाईंनी संविधानाची मराठी प्रत आणली आणि आम्ही सात-आठ जण तालमीच्या माडीवर जमलो. आमच्यात जिल्हा न्यायालयात वकिली करणारे एक गृहस्थ होते, कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी होती, एक रिक्षाचालक मित्र होते, आणि गणेशमूर्तींचा कारखाना असलेले आमचे एक जुने स्नेही होते. खाली पोरे जोर मारत होती आणि वर आम्ही चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती वाचत होतो. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीने नगरपालिकांना संविधानात स्थान दिले, एवढे मला माहीत होते. ती का करावी लागली हे मात्र त्या दिवशी कळले. निवडणुका वेळेवर न घेणे आणि निवडून आलेली मंडळे बरखास्त करून वर्षानुवर्षे प्रशासक बसवून ठेवणे, या दोन सवयी राज्यांना जडल्या होत्या. दुरुस्ती विधेयकाला जोडलेल्या उद्देश व कारणांच्या निवेदनातच त्यांचा उल्लेख आहे. म्हणजे आम्ही ज्या परिस्थितीत होतो, नेमकी तीच टाळण्यासाठी संविधान बदलले गेले होते.

अनुच्छेद २४३-यू सांगतो की, महापालिका मुदतीआधी विसर्जित झाली नाही, तर ती पहिल्या सभेसाठी ठरवलेल्या दिनांकापासून पाच वर्षे राहील आणि त्याहून अधिक नाही. त्याच अनुच्छेदाचा तिसरा खंड सांगतो की, ही मुदत संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. वकिलांनी ‘सुरू’ आणि ‘पूर्ण’ या दोन शब्दांतला फरक दोनदा समजावून सांगितला. मग त्या विद्यार्थिनीने अनुच्छेद २४३-झेडए वाचला. त्यात राज्याच्या विधानमंडळाला महापालिकांच्या निवडणुकांविषयी सर्व बाबींवर कायदा करण्याचा अधिकार दिला आहे, पण वाक्याच्या आरंभीच ‘या संविधानाच्या तरतुदींच्या अधीन राहून’ अशी अट आहे. बाईंनी ‘अधीन राहून’ या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली. पुढची पावणेचार वर्षे आम्ही जे काही केले ते या दोन शब्दांभोवतीच होते.

कारण मध्यंतरी कायदा बदलला होता. मार्च २०२२ मध्ये, महाविकास आघाडीचे सरकार असताना, विधिमंडळाने दुरुस्ती करून प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेतले, आणि आधी झालेली प्रभागरचना त्यामुळे निरर्थक ठरली. दुरुस्ती करू नये असे आमचे म्हणणे नव्हते. मुदत उलटून सोळा महिने झाल्यावर अशी दुरुस्ती करणे, जिच्यामुळे निवडणूक आणखी लांबेल, हे ‘अधीन राहून’ या अटीत कसे बसते, एवढाच आमचा प्रश्न होता. त्यावर वकिलांनी २००६ चा निकाल वाचून दाखवला. अहमदाबाद महापालिकेच्या संदर्भातील किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने म्हटले होते की, पाच वर्षांची मुदत पाळणे बंधनकारक आहे आणि प्रभागांची फेररचना वा तत्सम कारणांसाठी निवडणूक लांबवता येणार नाही.

इथे आमच्यात पहिला मतभेद झाला, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूर्तिकार स्नेही इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “तुमचं सगळं बरोबर आहे, पण आमची आरक्षणाची जागा जाऊन निवडणूक होणार असंल, तर मी सही कशाला करू?” मार्च २०२१ मध्ये विकास गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ओबीसींच्या राजकीय आरक्षणासाठी तिहेरी चाचणीची अट घातली होती : समर्पित आयोगाने मागासलेपणाची संस्थानिहाय तपासणी करावी, आरक्षणाचे प्रमाण त्या माहितीनुसार ठरावे, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ नये. ती माहिती तयार नव्हती, म्हणून आरक्षण अडकले होते आणि आरक्षण अडकले म्हणून निवडणूक. आमच्यापैकी ज्यांना आरक्षणाचा थेट संबंध नव्हता, त्यांनी हा प्रश्न सहज बाजूला सारला होता. स्नेह्यांनी तो सारू दिला नाही, हे बरे झाले. दोन संध्याकाळी त्यावर वाद झाला आणि शेवटी पत्रात एक परिच्छेद वाढला : माहिती गोळा करणे हे राज्याचे काम आहे, ते मुदतीच्या आत होऊ शकत होते, आणि ते न झाल्याची किंमत मतदारांनीही मोजू नये व मागासवर्गीयांनीही मोजू नये. हा परिच्छेद स्नेह्यांनी स्वतः सांगितला आणि विद्यार्थिनीने लिहून घेतला. त्यानंतर त्यांनी पहिली सही केली.

पत्राचे चार मसुदे झाले. पहिल्या मसुद्यात रस्त्यांवरचे खड्डे, पाण्याचा दाब, रंकाळ्याचे प्रदूषण, धरणातून शहरात पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनचा विलंब असे सर्व काही होते. वकिलांनी लाल पेन घेतले आणि सगळे काढून टाकले. “खड्डा दिसला की ते तुम्हाला खड्ड्याचं उत्तर देतील,” असे त्यांचे म्हणणे. रिक्षाचालक मित्रांना ते पटले नाही, कारण खड्ड्यांचा त्रास आमच्यात सर्वांत जास्त त्यांनाच होता. ‘मागणी’ म्हणावे की ‘विनंती’ यावरही बराच खल झाला. आमदारांनी पद स्वीकारताना संविधानाबद्दल खरी श्रद्धा व निष्ठा बाळगण्याची शपथ घेतलेली असते. त्या शपथेची आठवण करून देताना विनंतीचा सूर कशाला, असे बाईंना वाटत होते. अखेर ‘विनंती’ राहिली, पण ‘नम्र’ गेले.

पत्राचा गाभा एका परिच्छेदात मावला. त्याचा आशय असा होता : आपल्या सभागृहाची मुदतही संविधानाने पाच वर्षांचीच ठरवली आहे. आपली निवडणूक कोणी कायदा बदलून दीड वर्ष पुढे ढकलली असती, तर आपण ते मान्य केले नसते. करोनाच्या काळातही १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी मतदान जाहीर होऊन पार पडले, आणि याच शहरात विधानसभेची पोटनिवडणूकही झाली. त्यामुळे निवडणूक घेणे अशक्य होते, असे म्हणता येणार नाही. म्हणून आपण सभागृहात हा विषय उपस्थित करावा आणि मुदतीची मर्यादा ओलांडायला कारण ठरेल अशा कोणत्याही दुरुस्तीला संमती देऊ नये.

हे पत्र नेमके कोणत्या मार्गाने न्यावे, हे आम्हांला ठाऊक नव्हते. विधिमंडळात विनंती अर्ज समिती असते आणि एखाद्या सदस्याच्या प्रतिस्वाक्षरीने नागरिकांना सभागृहाकडे अर्ज करता येतो, हे ऐकून आम्ही हरखलो होतो. परंतु मंत्रालयात अनेक वर्षे नोकरी केलेल्या एका परिचितांनी सांगितले की, या निवडणुकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असताना असा अर्ज दाखल करून घेतला जाणे कठीण आहे. त्यापेक्षा आमदारांना स्वतंत्र पत्रे द्या, आणि प्रत्येकाला काय करायचे ते संसदीय आयुधाच्या, म्हणजे सभागृहात विषय मांडण्याच्या ठरलेल्या मार्गाच्या, नावानिशी सांगा. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्ध्या तासाची चर्चा हे शब्द आम्ही वर्तमानपत्रात वाचलेले होते, पण त्यांतले कोणते कशासाठी वापरतात हे त्या दिवशी शिकलो.

सह्यांसाठी आम्ही रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांना गाठू लागलो. तिथे जे ऐकायला मिळाले त्याची आम्ही तयारी केली नव्हती. “नगरसेवक नाहीत ते झ्याक चाललंय की ओ! टक्केवारी तरी बंद झाली,” असे निदान दर चौथा माणूस सांगत होता. पहिले दोन दिवस मी नगरसेवकांची बाजू मांडत बसलो आणि हरत गेलो. तिसऱ्या दिवशी बाईंनी वेगळा मार्ग काढला. त्या शांतपणे विचारायच्या, “ते वाईट होते, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? पाच वर्षांनी मत देताना ठरवायचं ना? तीच संधी गेली आहे.” यावर सगळे सही करत नसत, परंतु वाद मात्र थांबे. एका माजी नगरसेवकांनी सही करायची तयारी दाखवली, पण नवी निवडणूक होईपर्यंत जुन्या सभागृहालाच मुदतवाढ द्यावी, ही मागणीही पत्रात घाला म्हणाले. त्यांना सांगावे लागले की ‘त्याहून अधिक नाही’ हे शब्द तुम्हांलाही लागू आहेत. ते हसले आणि सही न करता चहा पाजून गेले.

जूनअखेर सहाशेच्या आसपास सह्या झाल्या. जिल्ह्यातील दहाही आमदारांना आणि विधान परिषदेतील सदस्यांना आम्ही पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पत्रे पाठवली. नेमका त्याच सुमारास राज्यातला सत्तापालट झाला. काही दिवस आमच्या पत्राकडे पाहायला कोणाला सवड असेल अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ होते. जुलैमध्ये ओबीसी आरक्षणासाठी नेमलेल्या समर्पित बांठिया आयोगाचा अहवाल सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आणि दोन आठवड्यांत निवडणुका जाहीर करा असे सांगितले, तेव्हा स्नेह्यांनी माडीवर पेढे आणले. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने वटहुकूम काढून आधीच्या सरकारने वाढवलेली महापालिकांची सदस्यसंख्या मागे घेतली आणि २०१७ च्या निवडणुकांवेळची पद्धत परत आणली. प्रभागरचना पुन्हा निरर्थक झाली. २२ ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयाने ‘परिस्थिती जैसे थे ठेवा’ असा आदेश दिला. पेढ्यांचा पुडा संपायच्या आत निवडणूक पुन्हा अडकली होती.

एका अर्थाने या वटहुकुमाने आमचे काम सोपे केले. पाच महिन्यांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या सरकारांनी कायदा दोन वेगवेगळ्या दिशांना फिरवला होता, त्यामुळे आम्ही कोणत्या पक्षाचे, हा प्रश्न विचारणे अवघड झाले. पत्राच्या दुसऱ्या फेरीत आम्ही दोन्ही दुरुस्त्यांचे दिनांक एकाखाली एक लिहिले आणि समोर ‘मुदत संपून किती महिने’ असा रकाना केला. त्यावर भाष्य केले नाही.

आमदारांच्या भेटीगाठींविषयी लिहिताना नावे मी जाणूनबुजून टाळतो आहे. पहिल्या कार्यालयात स्वीय सहायकांनी पत्र घेतले आणि विचारले, “गटाराचं आहे का पाण्याचं?” दोन्ही नाही म्हटल्यावर त्यांना ते कोणत्या फायलीत लावावे कळेना. दुसऱ्या ठिकाणी प्रत्यक्ष आमदार भेटले, त्यांनी पत्र पूर्ण वाचले, आणि म्हणाले, “सर, बाब न्यायप्रविष्ट आहे, आमचे हात बांधलेत.” हे वाक्य पुढे आम्ही इतक्या वेळा ऐकले की रिक्षाचालक मित्र ते आमदार बोलायच्या आधीच पुटपुटू लागले. वकिलांनी तिथल्या तिथे नम्रपणे सांगितले की, न्यायालयात आव्हान असले तरी विधिमंडळाला स्वतः केलेला कायदा दुरुस्त करण्याचा अधिकार उरतो. ऑगस्टचा वटहुकूमसुद्धा प्रकरण न्यायालयात असतानाच निघाला होता. निवडणूक लांबवणारी दुरुस्ती न्यायप्रविष्ट असताना करता येत असेल, तर निवडणूक जवळ आणणारी का करता येऊ नये? आमदार काही क्षण थांबले आणि म्हणाले, “हे मला लिहून द्या.” आम्ही लिहून दिले. पुढे त्याचे काय झाले, ते कधी कळले नाही.

तिसरी भेट वेगळी होती. हे आमदार संध्याकाळी साडेनऊला, दिवसभराची गर्दी ओसरल्यावर भेटले, आणि त्यांनी स्वतःच्या कपाटातून संविधानाची प्रत काढली. अनुच्छेद काढून वाचला. मग सरळ बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, शहरात नगरसेवक नसतील तर गटारापासून दाखल्यापर्यंत प्रत्येक काम आमदाराकडे येते, त्याचा त्रास होतो, पण मतदारसंघात दुसरे सत्ताकेंद्र नसते, हेही खरे. हे कुठल्याच पक्षाचा माणूस सभागृहात बोलणार नाही. औचित्याचा मुद्दा मांडण्याचा प्रयत्न करतो, मात्र मिळेल याची खात्री देत नाही, असे म्हणून त्यांनी आमच्याकडून दोनशे शब्दांचा मसुदा मागून घेतला. त्या अधिवेशनात तो मुद्दा आला नाही. पुढच्याही आला नाही. पण इतक्या भेटींत ज्यांनी खरे कारण सांगितले असे मला वाटते, ते हे एकटेच.

२०२३ आणि २०२४ या दोन वर्षांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजाची यादी मोबाइलवर पाहायची आणि माडीवर येऊन सांगायची, “काका, पुढची तारीख.” प्रत्येक अधिवेशनाआधी पत्र जात असे, त्यात फक्त महिन्यांचा आकडा बदलायचा. ७ मे २०२४ ला आम्ही लोकसभेसाठी मत दिले आणि २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेसाठी. दुसऱ्या मतदानाच्या वेळी महापालिकेची मुदत संपून चार वर्षे होऊन गेली होती. निवडून आलेल्यांना आम्ही हार घेऊन गेलो नाही, पत्र घेऊन गेलो. इचलकरंजीला तर २०२२ मध्ये महापालिका झाल्यापासून एकही नगरसेवक मिळालेला नव्हता. तिथल्या काही ज्येष्ठांनी आमच्या पत्राची प्रत मागवून घेतली आणि आपल्या गावाचे आकडे घालून पाठवली.

या काळात आमच्यातले तिघे गळाले, आणि मला त्यांचा दोष वाटत नाही. एकदा मीही म्हणालो होतो की आता पुरे. तेव्हा वकिलांनी पुण्याच्या डॉ. डी. सी. वाधवा यांची गोष्ट सांगितली. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले हे संशोधक बिहारच्या जमीनविषयक कायद्यांचा अभ्यास करत असताना त्यांना आढळले की, तिथे विधिमंडळापुढे न नेता तेच तेच वटहुकूम पुन्हा पुन्हा काढले जातात. १९६७ ते १९८१ या काळातले असे २५६ वटहुकूम त्यांनी शोधून काढले आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८६ मध्ये न्यायालयाने या प्रथेला संविधानाशी केलेली लबाडी ठरवले आणि त्यांच्या परिश्रमांची दखल घेऊन दहा हजार रुपये देवविले. त्यांचा त्या वटहुकुमांशी वैयक्तिक संबंध काहीच नव्हता. आम्ही न्यायालयात का जात नाही, असा प्रश्न यानंतर साहजिकच निघाला. प्रकरण आधीच तिथे होते आणि आमच्या भर घालण्याने ते लवकर सुटले नसते, हे एक कारण. दुसरे कारण बाईंचे होते. त्या म्हणाल्या, न्यायालयाने सांगितल्यावर कोणीही ऐकेल. ज्यांना आपण कायदे करायला पाठवले, त्यांनी न सांगता ऐकावे, हे आपण का मागू नये?

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य निवडणूक आयोगाला चार आठवड्यांत अधिसूचना काढण्यास आणि चार महिन्यांत निवडणुका पूर्ण करण्याचा प्रयत्न करण्यास सांगितले. ओबीसींचे आरक्षण २०२२ च्या बांठिया अहवालाआधी जसे होते तसे ठेवण्यासही सांगितले. स्नेह्यांनी या वेळी पेढे आणले नाहीत, “मत दिल्यावर बघू” म्हणाले. त्यांचेच बरोबर निघाले, कारण सप्टेंबरमध्ये मुदत वाढून ३१ जानेवारी २०२६ झाली. हा आदेश आमच्या पत्रांमुळे निघालेला नव्हता, आणि तसे आम्ही कोणाला सांगितलेही नाही. ऑगस्टमध्ये भाऊसिंगजी रोडवर उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, त्या गर्दीत वकील भेटले. या बेंचसाठी कोल्हापूरकरांनी चार दशकांहून अधिक काळ वाट पाहिली. त्यापुढे आपली साडेतीन वर्षे काय, असे ते हसत म्हणाले. मला हसू आले नाही. बेंच मिळणे ही मागणी होती, आणि निवडणूक वेळेवर होणे हा संविधानातला लिहिलेला दिनांक होता. दोन्हींसाठी सारखीच वाट पाहावी लागणे मला खटकले.

प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध झाल्यावर आम्ही दोन हरकती दाखल केल्या. सुनावणीत आम्हांला तीन मिनिटे मिळाली. एक हरकत नदीच्या पूररेषेतल्या दोन गल्ल्या वेगवेगळ्या प्रभागांत गेल्याबद्दल होती. रिक्षाचालक मित्रांनी नकाशावर बोट ठेवून कोणत्या बोळातून पाणी कसे शिरते ते इतके नेमके सांगितले की, सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांना तो मार्ग पुन्हा दाखवायला लावला.

मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. आदला दिवस संक्रांतीचा, म्हणजे हा किंक्रांतीचा. आमच्या आईच्या वेळी या दिवशी नवे काही सुरू करत नसत. ज्या ग्रामपंचायतींच्या मतदानाचा दाखला आम्ही पत्रात दिला होता, ते बरोबर पाच वर्षांपूर्वी याच तारखेला झाले होते. म्हणजे तिथली एक मुदत संपत आली होती आणि आमची आता सुरू होत होती. प्रभाग चार सदस्यांचा असल्याने प्रत्येकाला चार मते द्यायची होती. एका म्हातारबांनी एकच बटण दाबले आणि यंत्राचा आवाज येईना म्हणून ते बाहेर येऊन भांडू लागले. केंद्रावरच्या मुलीने त्यांना परत नेले. बाई रांगेत माझ्यापुढे होत्या. शाई लावून घेतल्यावर त्यांनी बोट वर करून पाहिले, पण या वेळी काही बोलल्या नाहीत. स्नेह्यांनी पेढे आणले होते.

पहिली सभा झाल्यानंतर आम्ही पुन्हा माडीवर जमलो. पाच वर्षे निकालाच्या दिवसापासून मोजायची नसतात. ती पहिल्या सभेसाठी ठरवलेल्या दिनांकापासून मोजायची असतात, त्यामुळे तो दिनांक सही-शिक्क्यानिशी आमच्या कागदांत असावा, असे बाईंचे म्हणणे पडले. माहितीच्या अधिकारातल्या अर्जाला आपल्या राज्यात दीडशे शब्दांची मर्यादा आहे. आमचा अर्ज दोन ओळींत संपला : पहिल्या सभेसाठी ठरवलेला दिनांक कळवावा आणि त्या सभेच्या इतिवृत्ताची साक्षांकित प्रत द्यावी. विद्यार्थिनीने, म्हणजे आता सनद मिळालेल्या वकील मुलीने, अर्ज लिहिला. बाईंनी त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट चिकटवले आणि पहिली सही करायला मूर्तिकार स्नेह्यांकडे सरकवला.